तीन मिनिटं तोंड हलवायचं नाही

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माणसाकडे बघायचे ते खालून वर. आधी हनुवटी, मग ओठ, मग दात, आणि तिथेच मुक्काम. डोळ्यांपर्यंत त्यांची नजर क्वचितच पोचायची. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या ओठाला काहीतरी खरकटं लागलंय. तो बिचारा बोलता बोलता तोंड पुसत राहायचा.

धंदाच तसा होता. दाजी कवळ्या करायचे. गावातले दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवत आणि दाजी घराच्या मागच्या खोलीत बसून प्लास्टर, मेण आणि हिरडीचा गुलाबी मसाला यांतून त्या मापाची बत्तिशी घडवत. अख्ख्या गल्लीत त्यांना बत्तिशीवाले म्हणत. चाळीस वर्षांत त्यांनी किती तोंडं भरली असतील याची गणती नाही. त्यांची एक खोड होती. ओळीत शिस्तीने उभे असलेले दात म्हणजे शुद्ध थाप, असं त्यांचं मत. म्हणून प्रत्येक कवळीत समोरचा एक दात ते केसभर वाकडा बसवत. नवे डॉक्टर यावरून कटकट करत, दाजी ऐकून घेत आणि दात वाकडाच बसवत. गिऱ्हाईक मात्र खूश असे, कारण दात खोटे आहेत हे शेजाऱ्यालासुद्धा कळत नसे.

माझी बहीण, ताई, म्हणायची, ‘यांना माझी अक्कलदाढ कुठल्या साली आली ते पाठ आहे. मी कशावरून रुसले ते मात्र आजवर कळलेलं नाही.’ हे ती हसून म्हणायची, आणि आम्हीही हसायचो. दाजी वाईट नव्हते हो. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांच्या पाठीशी बोलावं लागे. ते खोलीत स्टुलावर वाकून काहीतरी घासत असायचे आणि आपण दारात उभं राहून बोलायचं. ते ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’चे अर्थ फक्त ताईला लागत.

त्यांना एकच मुलगी. आम्ही सगळे तिला चिंगी म्हणतो. ती आता छत्तीस वर्षांची आहे, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात इंजिनिअर आहे, हाताखाली पंधरा माणसं आहेत, तरी चिंगीच. चिंगीला बापाला काही सांगायचं असलं की ती आईला सांगायची आणि आई योग्य वेळ बघून मागच्या खोलीत जाऊन सांगायची. कॉलेज बदलायचं असो, नाहीतर लग्न ठरवायचं असो, सगळं टपाल ताईच्या हातून जायचं. सात वर्षांपूर्वी ताई गेली आणि टपाल बंद पडलं. ते काम खरं तर माझ्याकडे यायला हवं होतं. मी त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून राहतो, बस डेपोत एकतीस वर्षं टाइमकीपर होतो, आता रिकामा आहे. पण असली नाजूक कामं अंगाला लावून घ्यायची मला हौस नाही. मी लांबूनच राम राम करणारा माणूस.

म्हणून चिंगीचा फोन मला आला तेव्हा मी आधी दचकलोच. ती म्हणाली, मामा, तुम्हाला एक सांगायचंय, पण कुठे बोलायचं नाही. मग तिने सांगितलं की गेले आठ महिने ती एकटी राहतेय. नवऱ्याशी पटेनासं झालं होतं. मारहाण नाही, भांडण नाही, दोघं एका घरात राहून एकमेकांना चुकवत होते. शेवटी तिनेच एक खोली भाड्याने घेतली. आता घटस्फोटाच्या कागदपत्रांचं चाललं होतं. हे सगळं ती ऑफिसातला अहवाल वाचावा तशी सांगत होती, आणि मधेच गप्प झाली. मी हॅलो हॅलो करत राहिलो. मग म्हणाली, ‘मामा, झोप लागत नाही हो. कामावर जाते, पण कशात मन नाही. दोन महिने रजा मिळतेय. घरी यायचंय मला. काही करायचं नाही, नुसतं घरी राहायचंय.’

मी म्हटलं, मग ये की. घर काय परक्याचं आहे?

ती म्हणाली, तसं नाही. बाबांना कळल्याशिवाय कशी येऊ? आणि बाबांना घरी सांगता येत नाही. घरी ते पाठ करून बसतात. म्हणून तिने एक बेत केला होता. दाजींना पासष्ट वर्षं पूर्ण होत होती. त्या निमित्ताने ती येणार, आणि त्यांना मोठ्या हॉटेलात जेवायला नेणार. तिथे हातात घासायला काही नसतं, वळून बसता येत नाही, उठून जाता येत नाही. समोरासमोर बसून ती सांगणार होती. मी सोबत यायचं, पण तोंड उघडायचं नाही. ‘तुम्ही नुसते बसा. तुम्ही असलात की मला धीर येईल. पण सांगायचं ते मीच सांगेन. वचन द्या.’

मी वचन दिलं. आयुष्यात मी दिलेली बहुतेक वचनं मी मोडली आहेत. हे नेमकं पाळलं.

हॉटेल गावातल्या सगळ्यात उंच इमारतीत, नवव्या मजल्यावर होतं. आमच्यासारखे लोक त्या इमारतीकडे खालूनच बघतात. रविवारची दुपार होती. चिंगीने खिडकीजवळचं टेबल आधीच सांगून ठेवलं होतं. पांढरीशुभ्र चादर, कापडाचे रुमाल उभे दुमडून ठेवलेले, आणि चमच्यांची अशी रांग की कुठल्याने सुरुवात करायची हे दुसऱ्याकडे बघूनच ठरवायचं. ग्लासातलं पाणी अर्धं झालं की वेटर येऊन भरायचा, त्यामुळे आपण किती पाणी प्यायलो याचा पत्ता लागत नव्हता. दाजींनी चिंगीच्या लग्नात शिवलेला कोट घातला होता. डांबराच्या गोळ्यांचा वास टेबलावरून माझ्यापर्यंत येत होता. ते भलतेच खुशीत होते. लिफ्टमध्ये त्यांनी लिफ्टवाल्याला आपण होऊन सांगितलं, ‘मुलीनं जेवायला आणलंय.’ लिफ्टवाल्याच्या खालच्या दोन दातांत फट आहे, हेही त्यांनी वर पोचल्यावर मला सांगितलं.

चिंगीने फिकट निळा कुडता घातला होता. तिने केस कापले होते, बारीक झाली होती. मला दिसत होतं ते बापाला दिसत नव्हतं असं नाही, पण ते म्हणाले, ‘प्रवासात दमलीस वाटतं,’ आणि खाद्यपदार्थांची यादी उघडून बसले.

सूप आलं. पावाची टोपली आली. चिंगीने चमचा हातात घेतला, परत ठेवला, रुमाल मांडीवर पसरला. मी खिडकीबाहेर बघत होतो. नवव्या मजल्यावरून माझा डेपो काडेपेटीएवढा दिसत होता. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं. गेल्या वर्षापासून मी...’

आणि दाजींनी हात वर केला. ‘एक मिनिट. ऐक.’

आम्ही ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. दाजी कान देऊन बसले होते. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ कुटुंबासोबत जेवत होते. ते पाव चावताना बारीकसा टक टक आवाज येत होता.

‘वरची सैल झालीय,’ दाजी कुजबुजले. ‘आणि कवळी माझी आहे. समोरचा डावा बघ.’

मी म्हटलं, दाजी, जेवा आता. ते उठलेसुद्धा. शेजारच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी नमस्कार केला आणि आपली ओळख सांगितली. ते म्हातारबाबा इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या कुटुंबासमोर कवळी काढून रुमालात ठेवली. त्यांची सून खुर्चीत आक्रसली. वेटर कुठे बघावं या विचारात पडला. दाजींनी कवळी उजेडाकडे धरली, कडेवरून अंगठा फिरवला, हिरड्या आक्रसल्यात, मंगळवारी या, अर्ध्या तासात करून देतो, म्हणाले. मग हात धुऊन परत आले. चेहरा असा उजळला होता की मला त्यांचा राग येता येता राहिला.

‘हां. काय म्हणत होतीस?’

‘काही नाही. सूप गार होतंय.’

आता यावर कुणी म्हणेल, तू का नाही बोललास? बोलायला काय झालं होतं? मला दातखीळ बसली होती. वचन दिलं होतं हे खरं, पण त्याहून खरं कारण असं की मला वाटत होतं, अजून जेवण यायचंय, अजून वेळ आहे. डेपोत एकतीस वर्षं मी गाड्या वेळेवर सोडल्या. माणसांच्या बाबतीत मला नेहमीच वाटत आलंय की अजून वेळ आहे.

जेवण आलं. भाजलेलं कोंबडीचं मांस, बटाटे, वर कसल्याशा पाल्याची सजावट. दाजी मन लावून खात होते. चिंगी एक एक तुकडा बारीक कापून तोंडात टाकत होती. तिने पुन्हा सुरुवात करायचं ठरवलं होतं, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. शाळेत पाठांतर म्हणायला उभी राहायची तेव्हाही खांदे असेच वर जायचे. तिने काटा खाली ठेवला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मान वर केली.

दाजी तिच्याकडेच बघत होते. टक लावून बघत होते. चिंगीच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं की मला वाटलं, आता सांगायचीही गरज नाही.

‘उजव्या बाजूने चावतेयस तू,’ दाजी म्हणाले. ‘मघापासून बघतोय. तोंड उघड.’

‘बाबा, इथे?’

‘उघड म्हणतो ना.’

आणि तिने उघडलं. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरने, नवव्या मजल्यावर, पांढऱ्या चादरीसमोर, सहा वर्षांच्या पोरीसारखं तोंड उघडलं. दाजींनी रांगेतला एक स्वच्छ चमचा घेतला, उलटा करून आरशासारखा आत धरला आणि वाकून बघू लागले. आसपासची दोन-तीन टेबलं खायची थांबली. दाजींना कुणाची पर्वा नव्हती. मी त्यांचा चेहरा बघत होतो. तो हळूहळू गंभीर होत गेला.

‘सुळे सपाट झालेत,’ ते म्हणाले. ‘दाढा घासल्यात. झोपेत दात खातेस तू. सकाळी जबडा दुखतो ना? कानापाशी?’

तिने मान डोलावली.

‘आधी नव्हतं हे. आठ महिने झाले असतील. फार तर नऊ.’

मी टेबलाखालून दाजींच्या पायाला पाय लावला. जोरात लावला. कारण आता राहिलंच काय होतं? माणसाला महिना कळला होता. पोरीचं जे काही झालं ते कधी झालं, हे त्याने तिच्या दाढांवर वाचलं होतं. आता एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो प्रश्न जगातला कुठलाही अडाणी बाप विचारेल असा होता. का गं? एवढंच. तिने उघडलेलं तोंड अजून पुरतं मिटलंही नव्हतं. ती वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं.

दाजींनी पाय बाजूला घेतला, मला ‘सॉरी’ म्हणाले आणि तिला म्हणाले, ‘काळजी करू नकोस. दातांवर बसणारी पट्टी करून देतो. रात्री लावायची. दात वाचतील.’

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून हॉटेलच्या यादीच्या मागच्या बाजूला पट्टीचं चित्र काढलं. जाडी किती, कुठे उतरती, कुठला मसाला वापरला म्हणजे चावून तुटत नाही. दहा मिनिटं बोलले. त्यांना इतकं सलग बोलताना मी ताईच्या लग्नापासून ऐकलं नव्हतं. चिंगी ऐकत होती. तिने रुमालाने डोळे पुसले तेव्हा दाजींनी विचारलं, तिखट लागलं का?

‘हो, जरा,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘द्या बाबा पट्टी करून.’

शेवटी आइसक्रीम आलं. दाजींनी तिच्या वाटणीचंही खाल्लं, थंड दातांना बरं नाही म्हणून. लिफ्टने उतरताना म्हणाले, असं जेवण जन्मात झालं नाही.

घरी गेल्यावर कोट खुंटीला लावून ते तडक मागच्या खोलीत गेले. चिंगीला स्टुलावर बसवलं. वाडग्यात पावडर आणि पाणी कालवून लगदा केला, तो पत्र्याच्या साच्यात भरला आणि तिच्या तोंडात बसवला. ‘तीन मिनिटं तोंड हलवायचं नाही,’ म्हणाले, आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. मी दारात होतो. चिंगीचं तोंड त्या लगद्याने गच्च भरलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. त्या तीन मिनिटांत ती काही बोलणं शक्य नव्हतं. दाजींचा एक हात तिच्या हनुवटीखाली होता. तो त्यांनी अगदी हळुवार धरला होता, हेही सांगायला हवं. एवढ्या मायेने त्यांनी तिला लहानपणी तरी धरलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

माप निघाल्यावर ते प्लास्टर ओतायला वळले. पाठ झाली. चिंगी थोडा वेळ तिथेच बसली, मग उठून तोंड धुऊन आली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीला मी तिला सोडायला गेलो. पट्टी तयार होती, छोट्या निळ्या डबीत. दाजींना मंगळवारच्या म्हातारबाबांची तयारी करायची होती, म्हणून ते दारापर्यंतच आले. डेपोत मी चिंगीला म्हटलं, मी सांगू का त्यांना? संध्याकाळीच सांगतो. ती नको म्हणाली. तुमच्याकडून कळलं तर त्यांना वाटेल की मी त्यांना भ्याले. मी म्हटलं, मग पुढच्या आठवड्यात पुन्हा ये. ती हसली. म्हणाली, ‘एवढं बळ पुन्हा नाही गोळा होणार, मामा. जाऊ दे. रजा रद्द करून टाकते.’

गाडी वेळेवर सुटली. ती उशिरा सुटावी असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

पुढचे चार महिने दाजी भेटेल त्याला नवव्या मजल्याचं जेवण सांगत होते. दूधवाल्याला सांगून झालं, डॉक्टरांना सांगून झालं. चिंगीला फोन केला की विचारायचे, पट्टी लावतेस ना? ती हो म्हणायची. फोन संपायचा. मी समोर असलो तर लगेच चहा मागायचो.

मग एका सकाळी जावई आला. टेम्पो घेऊन आला होता. त्यात पुस्तकांची दोन खोकी आणि ताईचं शिलाई मशीन होतं. चिंगी लग्नानंतर ते हट्टाने घेऊन गेली होती. जावई मुळात सरळ माणूस. त्याला वाटलं दाजींना सगळं ठाऊक आहे. म्हणाला, तिच्या खोलीत मशीनला जागा नाही, तिनेच इथे पोचवायला सांगितलं. कागद झाले. तुमचा माझ्यावर राग असेल, पण मला तुमच्याबद्दल आदर आहे. दाजींनी त्याला पाणी दिलं, मशीन आत घ्यायला हात लावला, आणि तो गेल्यावर तसेच माझ्याकडे आले. चपला न घालता आले होते. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना जावयाच्या दातांबद्दल एक शब्द काढला नाही. तेव्हाच मी समजलो की घाव बसलाय.

‘तुला माहीत होतं?’

मी हो म्हटलं.

‘कधीपासून?’

मी सांगितलं. हॉटेल कशासाठी होतं तेही सांगितलं. दोन महिने घरी येऊन राहायचं होतं, एवढंच विचारायचं होतं तिला, हेही सांगितलं. ते भिंतीला टेकून उभे होते.

‘मग बोलली का नाही ती? मी काय खाणार होतो तिला?’

इथे माझं डोकं फिरलं. चार महिने जे गिळत होतो ते वर आलं. त्यातलं निम्मं माझं मला खात होतं, पण फेकलं सगळं त्यांच्या अंगावर. मी म्हटलं, ‘कशी बोलणार? तिने तोंड उघडलं की तुम्ही त्यात चमचा घातलात. घरी आणून लगदा भरलात. बोलायला जागा कुठे ठेवलीत, दाजी?’

ते परत जायला निघाले, तर मी माझ्या चपला पुढे केल्या. त्या न घेता गेले. म्हातारपणी माणसाला असं बोलू नये. मी बोललो, आणि त्याची लाज मला अजून आहे.

आठवडाभर मागची खोली बंद होती. पुढच्या सोमवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. तिच्या गावची दोन तिकिटं काढली होती. मी विचारलं, तिला कळवलंय का? म्हणाले, कळवलंय, जेवायला नेतो म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, मी कशाला? तर म्हणाले, तू ये. मी भलतीकडे गेलो तर पाय मारायचा नाही, सरळ तोंडाने बोलायचं.

चिंगीच्या ऑफिसजवळ साधंसं हॉटेल होतं. स्टीलची टेबलं, वर पंखा, दुपारची गर्दी. दाजींनी हात मांडीवर ठेवले होते. पेन घरी ठेवून आले होते, मुद्दाम. चिंगी आली ती भराभर चालत आली. अंगावर मांस चढलं होतं, केस वाढले होते. तिने सरळ तीन थाळ्या सांगितल्या, वाढप्याला नावाने हाक मारून लवकर आण म्हणाली. तिचं ते गाव झालं होतं, हे मला तेव्हाच दिसलं. दाजींना दिसायला थोडा वेळ लागला.

पहिला घास घ्यायच्या आधी दाजी म्हणाले, ‘जावई आला होता.’

‘माहीत आहे, बाबा.’

‘काय झालं होतं गं?’

इतकं सरळ विचारलं त्यांनी. चिंगीने सांगितलं. जेवता जेवता, शांतपणे सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. झोप न लागणं, रात्री उठून खोलीत फेऱ्या मारणं, एकदा ऑफिसच्या जिन्यात बसून राहिली होती तो दिवस. कुणी काढलं त्यातून, तर शेजारच्या खोलीतली एक परिचारिका. ती रोज संध्याकाळी दार वाजवायची आणि हिला फिरायला बाहेर काढायची. दोन महिने काढलं. आता दोघी मिळून एक घर बघतायत, जरा मोठं. दाजी ऐकत होते. एकदाही मधे बोलले नाहीत. त्यांचं ताट तसंच होतं.

मग ते म्हणाले, ‘पुढची खोली रंगवून घेतलीय. तुझी. पलंग हलवून उजेडाकडे लावलाय. ये ना घरी. दोन महिने ये, वर्षभर ये. मी मागच्या खोलीत नाही बसणार.’

चिंगीने हातातला घास ताटात ठेवला. मग तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

‘आता नको, बाबा. तेव्हा यायचं होतं.’

यात राग नव्हता. राग असता तर आम्हा दोघांना बरं वाटलं असतं. ती खरोखरच समजावून सांगत होती. पाहुण्याशी बोलावं तसं. म्हणाली, येईन की मधून मधून, तुम्हीही या. मग घड्याळ बघून उठली, कारण दोन वाजता तिची बैठक होती. दाजींनी तिला दाराबाहेरपर्यंत सोडलं. ती रस्ता ओलांडून इमारतीत शिरेपर्यंत ते उभे होते आणि शिरल्यावरही उभे होते. आतून वाढपी येऊन विचारून गेला, ताट उचलू का. मी उचल म्हटलं.

परतीच्या गाडीत त्यांनी खिडकी मला दिली. तास दीड तास गेला. मला वाटलं त्यांना डुलकी लागली. मग म्हणाले, ‘बरी दिसली ना ती?’

मी म्हटलं, हो. चांगली दिसली.

‘हसत होती.’

‘हो.’

‘माझ्याशिवाय बरी झाली.’

त्यांना काहीतरी वेगळं ऐकायचं होतं. ताई असती तर तिने चटकन काहीतरी म्हटलं असतं, बापावाचून का कुणाचं भागतं, असलं काहीतरी, आणि ते त्यांना पटलंही असतं. मीही शब्द शोधले. पण चार महिने गप्प राहून मी याच माणसाला फसवलं होतं.

‘हो दाजी,’ मी म्हटलं.